पट्टी, तुळई आणि थरथर

एक मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा. 20 सेंटिमीटर भाग बाहेर राहू द्या आणि टोकाला टिचकी मारा. टोक सेकंदाला साधारण 20 वेळा वरखाली होईल. आता पट्टी मागे ओढून 10 सेंटिमीटरच बाहेर ठेवा. लांबी निम्मी, तर कंपनं दुप्पट, असं वाटतं. पण ती होतात चौपट, 80च्या आसपास, आणि पट्टी चक्क गुणगुणू लागते.

जुन्या वाड्याच्या माडीवर पोरं धावली की खालच्या फडताळातली भांडी वाजतात, तिथेही हेच गणित असतं. आपण चालताना सेकंदाला दोनेक पावलं टाकतो. तुळईची कंपनसंख्या चारच्या आसपास असली, तर प्रत्येक पाऊल झोपाळ्याला दिलेल्या झोक्यासारखं नेमक्या वेळी पडतं आणि हलणं वाढत जातं. एक सोपा अंदाज आहे: दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईला भाराने मधोमध किती मिलिमीटर झोळ पडतो ते काढायचं आणि 18ला त्याच्या वर्गमुळाने भागायचं. झोळ 4 मिलिमीटर, तर कंपनं 9. झोळ 16, तर साडेचार.

मग तुळई रुंद करावी का? दुप्पट रुंदीने ताठपणा दुप्पट होतो, पण वजनही दुप्पट. तुळईची स्वतःची कंपनसंख्या जागच्या जागी राहते. वर फरशीचा भार असेल तर थोडा फायदा, इतकंच. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट, वजन दुप्पट आणि कंपनसंख्या दुप्पट. तुळई आडवी न टाकता उभी का बसवतात, ते यात आलं.

टोकांचा मामला मला जास्त मजेशीर वाटतो. भिंतीत नुसत्या टेकलेल्या तुळईची कंपनसंख्या 1 धरा. तीच तुळई दोन्ही टोकांना पक्की जखडली, की 2.27. एक टोक जखडून दुसरं मोकळं सोडलं, म्हणजे आपली पट्टी किंवा गॅलरी, तर जेमतेम 0.36. प्रत्यक्षात पुरतं जखडलेलं टोक कुठेच नसतं. आरसीसीचा सांधाही किंचित फिरतोच. ओलीने टोक कुजलं, तर आधार मऊ होऊन आकडा आणखी घसरतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तुळईखाली मधोमध खांब: कंपनसंख्या थेट चौपट. फक्त दिवाणखान्याच्या मधोमध तो कुणाला हवा असतो!