रात्रपाळी आणि दिनचर्या

पुणे-आळंदी रस्त्यावरील दिघी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या दिवशी वारकऱ्यांनी फुलून जाते. एरवी या वस्तीतील कित्येक घरांचे घड्याळ भोसरी-चाकणच्या कारखान्यांतील पाळ्यांवर चालते. सकाळी मुले शाळेला निघतात, तेव्हा त्यांचा बाप रात्रपाळी संपवून घरी येत असतो.

2020 च्या साथीत 'प्रतिकारशक्ती' हा शब्द या घरांतही शिरला आणि त्याच्यामागोमाग काढ्याच्या पुड्या, गुळवेलीच्या गोळ्या व च्यवनप्राशाची बरणी आली. आयुष मंत्रालयाने त्या वर्षी हळदीच्या दुधाबरोबर योगासने व प्राणायामही सुचविले होते. लोकांनी त्यातले विकत मिळते तेवढे उचलले. गुळवेलही सरसकट निर्धोक नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 साली ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही; तरीही वैद्याला न विचारता महिनोन्‌महिने औषध घेणे आयुर्वेदाच्याही शिस्तीत बसत नाही.

त्या शास्त्राचा भर मुळी औषधावर नाहीच. चरकाने शरीराचे तीन आधार सांगितले, त्यांत आहारानंतर लगेच निद्रा येते. सर्वांची शरीरे रोगाशी सारख्याच बळाने झुंजत नाहीत, हे सांगताना त्याने अतिस्थूल व अतिकृश यांच्याबरोबर अपुऱ्या आणि न मानवणाऱ्या अन्नावर जगणाऱ्यांचीही गणना केली आहे. चक्रपाणीच्या टीकेत व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ येतात : रोग होऊ न देणे आणि झालेल्या रोगाचा जोर मोडणे. ही दोन्ही कामे चमचाभर अवलेहावर सोपविता येत नाहीत.

आपल्या स्वयंपाकघराला हे ठाऊक होते. थंडीत भूक प्रखर असते, म्हणून भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि शेंगाभाज्यांची मिसळ. पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून हलके खाणे. चातुर्मासाच्या नेमांना धर्माचे नाव असले, तरी त्यांतील काही पथ्ये पोटाच्याही सोयीची आहेत.

परंतु ही सारी व्यवस्था रात्री झोपणाऱ्या माणसासाठी आहे. जागरणाने शरीरात रूक्षता वाढते, असे प्राचीन वैद्य म्हणत. शरीरातील घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले; झोप, पचन व संप्रेरके यांना वेळापत्रक असते, हे आता वादातीत आहे. जागरण अटळ असेल, तर वाग्भटाने एक तोड सांगितली आहे : जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता, झोपावे. रात्रपाळीहून येऊन भरपेट जेवून आडवे होणाऱ्यांनी एवढे जरी पाळले, तरी पोट हलके राहील. अर्थात दोन खोल्यांच्या घरात, पत्र्याच्या छपराखाली आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या गोंगाटात दिवसा झोप यायची कशी, हे वाग्भटाला विचारता येत नाही.

ते कारखानदारांनाच विचारले पाहिजे. 1948 च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. तेथे मध्यरात्री वड्याऐवजी गरम मुगाची खिचडी आणि ताक देण्यास फारसा खर्च येत नाही. पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा क्रम ठेवला, तर शरीराला तो उलट्या क्रमापेक्षा सोपा जातो. कामगार संघटनांच्या मागणीपत्रात वेतनवाढीच्या कलमाखाली या दोन ओळींना जागा मिळावयास हरकत नाही.