बटण दाबलं, पण पडदा काळाच

गेल्या महिन्यात इंदूरहून आत्याचा फोन आला. "अरे, लॅपटॉप गेला रे माझा. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड उडाला, नवीनच घ्या." आवाज रडवेला होता. दुःख पाच वर्षांच्या लॅपटॉपचं नव्हतं. त्यात आमचा कुलवृत्तांत होता. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, कोण कोकणातून माळव्यात कधी आलं, कुणाची मुलगी कुठे दिली, हे सगळं तिने तीन वर्षं नातेवाइकांना फोन करकरून टाइप केलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी हैदराबादला, ती तिथे. व्हिडिओ कॉल लावला आणि विचारलं, "आत्या, बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?"

'लॅपटॉप सुरू होत नाही' या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात. काहीच होत नाही, म्हणजे दिवा नाही, पंखा नाही, तर संशय चार्जर, बॅटरी किंवा वीजपुरवठ्याच्या भागावर. (टाइप-सीचा लॅपटॉप मोबाइलच्या छोट्या चार्जरला लावून "चालत नाही" म्हणणारे मी स्वतः पाहिलेत.) कंपनीचं नाव दिसतं पण विंडोज येत नाही, तर गडबड बहुधा विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये. आणि दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, हा तिसरा प्रकार. आत्याचा हाच होता.

आधी सगळ्यात सोपा उपाय केला. चार्जर काढायचा, पेनड्राइव्ह, माउस काढायचे, बटण तीस सेकंद दाबून धरायचं, मग चार्जर लावून पुन्हा सुरू करायचं. आत अडकून राहिलेला विद्युतभार यात निघून जातो आणि कितीतरी लॅपटॉप एवढ्यानेच जागे होतात. आत्याचा झाला नाही. टचपॅड वर आलंय का, खालचं झाकण फुगलंय का, तेही बघायला सांगितलं. बॅटरी फुगली असेल तर पुढे काहीच करायचं नसतं, चार्जिंगसुद्धा नाही. सरळ कारागिराकडे न्यायचं.

मग म्हटलं, "कॅप्स लॉक दाब." दिवा लागला. पुन्हा दाबल्यावर विझला. मला हायसं वाटलं, कारण मदरबोर्ड खरंच उडाला असता तर त्या दिव्याने असा प्रतिसाद दिला नसता. "आता खोलीत अंधार कर आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धर." काही क्षण शांतता. मग, "अरे, माझा फोटो दिसतोय! अगदी पुसट!" पडद्यामागचा उजेडच तेवढा गेला होता.

एचडीएमआयची केबल टीव्हीला जोडली, विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं, आणि हॉलमधल्या टीव्हीवर तिचा डेस्कटॉप उभा राहिला. तिथूनच फाइल पेनड्राइव्हवर आणि ड्राइव्हवर चढवली.

दुकानदारावर माझा राग नाही. पण "फॉरमॅट मारून देतो" याला हो म्हणण्याआधी डेटा हवाय हे ठणकावून सांगा. लॅपटॉप मेला तरी डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला लावता येते. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र ती बोर्डलाच चिकटवलेली असते. विंडोज दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर 'रिसेट'मध्ये दोन पर्याय येतात. त्यातला सगळं काढून टाकणारा घाईत दाबू नका. आणि आज लॅपटॉप धडधाकट असतानाच बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून वहीत लिहून ठेवा. डिस्क कुलूपबंद असेल तर त्या किल्लीवाचून कुणालाही काही वाचता येत नाही.

आत्याचा पडदा आता बदलून झालाय. त्या दिवशी मात्र टीव्हीच्या मोठ्या अक्षरांत तिला पणजोबांच्या नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली, आणि ती दुरुस्त होईपर्यंत तिने मला फोन ठेवू दिला नाही.