बोरूची लेखणी : घडण आणि लेखन

विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील उपाली नावाच्या मुलाची कथा आली आहे. आपल्या पश्चात मुलाचे कसे होईल, या चिंतेने त्याचे आईवडील एकेक विद्या मनाशी तोलून पाहतात. लेखन शिकवावे तर त्याची बोटे दुखतील, गणना शिकवावी तर छाती दुखेल, नाण्यांची पारख शिकवावी तर डोळे दुखतील. अखेर भिक्षुजीवनच त्यांना सुखाचे वाटते. वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा न देण्याचा नियम याच प्रसंगातून झाला, हे विनयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. येथे कर्तव्य आहे ते त्या आईबापांच्या पहिल्या शंकेशी. लेखन हे बोटांच्या श्रमाचे काम होते, हे स्वतः लेखणी घडवून लिहिल्याशिवाय पुरते उमगत नाही.

लेखणी बदलली की अक्षर बदलते. सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, आलुविहारात त्रिपिटक लिपिबद्ध झाले. तिकडील लेखन ताडपत्रावरचे. लोखंडी शलाकेने अक्षर कोरायचे आणि वर काजळी व तेल चोळायचे. आडवी सरळ रेघ ओढली तर पानाच्या शिरांच्या दिशेने ते चिरते, म्हणून सिंहली व ब्रह्मी अक्षरे वाटोळी झाली, असे सामान्यतः सांगितले जाते. गांधारात मात्र भूर्जपत्र, काजळीची शाई आणि बोरू अशी रीत होती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीस 1994 साली मिळालेल्या, मातीच्या घटांत जपलेल्या खरोष्ठी गुंडाळ्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील आहेत. बौद्ध वाङ्मयाच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्यांची गणना होते. आपल्याकडील नागरी आणि मोडी याच शाई-बोरूच्या परंपरेतील होत.

बोरू म्हणजे ओढ्याकाठी, पाणथळ जागी वाढणारे पोकळ वेत. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, पूर्ण पिकलेले व वाळलेले, दोन पेरांमधले वीतभर कांडे घ्यावे. ओले कांडे कापताना चांगले वाटते, पण वाळताना वाकते. बोरू न मिळाल्यास बारीक वेळू चालतो. धारदार चाकूने टोकाशी एक लांब तिरपा छेद द्यावा आणि आतला मऊ गर खरवडून काढावा. तो राहिला तर शाई पितो आणि लेखणी गिचमिड करते. मग दोन्ही बाजू तासून टोक निमुळते करावे. टोकाच्या मधोमध सुमारे अर्ध्या इंचाची चीर पाडावी. शाई कागदापर्यंत येते ती या चिरेतून, केशाकर्षणाने. दाब दिला की चीर किंचित उघडते, सोडला की मिटते. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या बोरूची चीर पेरापर्यंत गेली होती आणि पहिल्याच ओळीवर शाईचा डाग पडला. शेवटी टोक कठीण लाकडावर ठेवून एकाच दाबात छाटावे. सरावासाठी दोन मिलिमीटर रुंदी पुरे.

हा अखेरचा छेद सरळ नव्हे, तिरपा असतो, आणि अक्षराचे सारे वळण त्याच्यावर अवलंबून असते. छेद बरोबर पडला की नाही, हे चार रेघा ओढून ठरते : उभी, आडवी आणि दोन तिरप्या. नागरीसाठी डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारी तिरपी रेघ सर्वांत जाड यावी, तिच्या उलट दिशेची केसासारखी बारीक यावी, आणि उभी व आडवी जवळपास सारखी यावीत. रोमन अक्षरांत जाड-बारीक नेमके याच्या उलट पडते. म्हणून इंग्रजी वळणाच्या रुंद निबेने लिहिलेला ‘त’ परका दिसतो.

युरोपात हेच काम हंसाच्या पंखातील मोठ्या पिसांनी केले. पिसाचा देठ तापलेल्या वाळूत घालून कडक करतात, बाकी कृती तीच. पीस गळून पडलेलेही चालते.

शाईसाठी तेलाच्या दिव्याची काजळी आणि बाभळीच्या डिंकाचे पाणी खलावे. खलणे कंटाळवाणे आहे, पण घाई केल्यास कण तळाशी बसतात. काजळीची शाई उन्हाने विटत नाही. पाण्यापासून मात्र तिला जपावे लागते. दौतीत कापसाचा बोळा ठेवला की बोरू हवी तेवढीच शाई उचलतो.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या अनेक कुटुंबांत वतनाचे जुने मोडी कागद आहेत. महार वतने कायद्याने 1959 साली संपली; कागद राहिले, वाचणारे राहिले नाहीत. मोडीत आधी शिरोरेषा आखून अक्षरे तिच्याखाली न थांबता लिहीत, शब्दांत अंतर ठेवण्याची रीत नव्हती. नुसते डोळ्यांनी पाहणाऱ्यास ती ओळ वेटोळ्यांची रांग वाटते. ज्याने बोरूने लिहिले आहे त्याला मात्र कळते की शाई गडद झाली तेथे लेखक दौतीकडे वळला, जाड रेघ कोणत्या दिशेने ओढली गेली, वळण कोठे सुरू झाले व कोठे मिटले. सरावाच्या आरंभी गावाचे नाव आणि आजा-पणजाची नावे मोडीत पुनःपुन्हा लिहावीत. त्या कागदांत सर्वाधिक वेळा येतात ती हीच, आणि नजरेला प्रथम तीच सापडतात.