ट्रॅकची गाडी वेगळी का हवी

ठाण्यात कुणी फक्त ट्रॅकवर चालवायला दुसरी मोटरसायकल घेतली की शेरा ठरलेला असतो: पैसा जास्त झालाय. हा हिशेब अर्धाच आहे. त्यात दुसऱ्या गाडीची किंमत धरली जाते, पण एकाच गाडीवर दोन्ही कामं भागवण्यात जे पणाला लागतं ते धरलं जात नाही. डोंबिवलीहून रोज वागळे इस्टेटमध्ये कामाला येणाऱ्याची गाडी रविवारी ट्रॅकवर पडली, तर सोमवारपासून त्याचं येणं-जाणंच अडतं. अशा वेळी ‘फर्स्ट पार्टी विमा आहे ना’ हा दिलासा फसवा ठरतो. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि संघटित शर्यत, वेगचाचणी या गोष्टी त्यात सरळ वगळलेल्या असतात. ट्रॅक डे, म्हणजे ट्रॅकवर हौसेनं आपली गाडी चालवण्याचा दिवस, ही शर्यत नव्हे, असं म्हणता येईल. पण मोडलेल्या गाडीचा खर्च समोर असताना विमा कंपनीशी हा वाद घालत बसण्याची पाळी कुणावर येऊ नये.

दुसरा गैरसमज असा, की आरसे काढले आणि हेडलाइटवर टेप लावली की रस्त्यावरची गाडी ट्रॅकची झाली. प्रत्यक्षात नीट तयार केलेल्या गाडीतलं कूलंटसुद्धा बदललेलं असतं. त्यातलं ग्लायकोल ट्रॅकवर सांडलं तर लवकर सुकत नाही आणि मागून येणारा घसरतो, म्हणून रेडिएटरमध्ये साधं पाणी भरतात. ऑइल ड्रेन बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवतात आणि पीळ देऊन ती आवळण्याच्या दिशेनं ताणून बांधतात. बोल्ट ढिला झाला तरी तार त्याला फिरू देत नाही. एमआयडीसीची पहिली वसाहत असलेल्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात ड्रिल मशीनवर हे भोक काही मिनिटांत पडेल. पण दर वेळी आरसे-दिवे उतरवायचे, कूलंट काढायचं, टायर बदलायचे आणि परत सगळं पूर्ववत करायचं, यात एखादा नट कमी आवळला जाण्याचा धोका असतो. वेगळी गाडी घ्यायला मला हेच सर्वांत पटणारं कारण वाटतं.

मग ही गाडी घरून चालवत नेता येईल का? नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे टेम्पो आलाच. नंबर प्लेट काढली की आरटीओचा संबंध संपला, हाही भ्रमच. आरसी मालकाच्या नावावर आहे तोवर गाडीची जबाबदारी त्याचीच.

सर्वांत वजनदार आक्षेप अंतराचा आहे आणि तो खरा आहे. इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास सर्किट 3.7 किलोमीटरचा, कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे सुमारे 2.1 किलोमीटरचा, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट त्याहून बराच मोठा. पण तिन्ही ठाण्याहून हजार किलोमीटरपलीकडे. ‘मग घोडबंदर रोड काय वाईट?’ असं म्हणणाऱ्यांनी कलम 189 वाचावं. सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला पहिल्याच गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसानं आपल्या शर्यतीला होकार दिलेला नसतो. अंतरामुळे बदलतो तो निर्णय इतकाच: वर्षातून एकदाच जाणार असाल तर दुसरी गाडी घेऊच नका, रेसिंग शाळेच्या गाडीवर शिका. तीन-चार वेळा जाणार असाल तर घ्या, पण लहान घ्या. मोठं इंजिन असल्याशिवाय ट्रॅकवर जाण्यात अर्थ नाही, ही समजूत सोडलेली बरी. राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतींतही 165 सीसीचा वर्ग आहे. लहान गाडीवर वळणात वेग टिकवायला शिकावंच लागतं, सरळ पट्ट्यावर इंजिनच्या जोरावर तो भरून काढता येत नाही. शिवाय तिचे टायर, ब्रेक पॅड आणि पडल्यावरची दुरुस्ती स्वस्त. तिकडच्याच एखाद्या विश्वासू गॅरेजमध्ये ती ठेवायची सोय झाली, तर टेम्पोचं भाडंही वाचतं आणि फक्त हेल्मेट-सूट घेऊन रेल्वेनं जाता येतं.