शून्याखालचा पाया

रशियाच्या ईशान्येला याकुतिया, म्हणजेच साखा, नावाचं प्रजासत्ताक आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३०.८ लाख चौरस किलोमीटर. अख्ख्या भारताचं ३२.९ लाख. एका देशाचा हा नुसता एक प्रांत आपल्या देशाला जवळजवळ झाकून टाकेल. महाराष्ट्र तर त्यात दहा वेळा बसेल. या एका प्रांतातच घड्याळाच्या तीन वेळा चालतात. आणि माणसं? सुमारे १० लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे शहराची लोकसंख्या याच्या तिप्पट होती. त्या १० लाखांतले एक तृतीयांश लोक राजधानी याकुत्स्कमध्ये राहतात. उरलेल्यांच्या वाट्याला माणशी साडेचार चौरस किलोमीटरहून अधिक भूमी येते.

आता थंडीचे आकडे. १८९२च्या फेब्रुवारीत इथल्या वेर्खोयान्स्क गावी पारा उणे ६७.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. १९३३मध्ये ओयम्याकोनला उणे ६७.७ नोंदवलं गेलं. त्याच वेर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी तापमान होतं ३८ अंश. पाणी गोठण्यापासून उकळेपर्यंत १०० अंशांचं अंतर असतं. या एका गावाच्या हवेने त्याहून मोठं, जवळपास १०६ अंशांचं अंतर पाहिलं आहे.

याचं कारण भूगोलात आहे. समुद्राची ऊब इथवर पोचत नाही. हिवाळाभर आकाश निरभ्र राहतं, त्यामुळे जमिनीतली उष्णता थेट वर निघून जाते आणि जड झालेली थंड हवा डोंगरांमधल्या दऱ्यांत उतरून साचते. ही दोन्ही गावं अशाच दऱ्यांत वसलेली आहेत.

पण याकुतियातली खरी अचाट गोष्ट पायाखाली आहे. १८२८मध्ये फ्योदोर शेरगिन याने याकुत्स्कमध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७पर्यंत ती सुमारे ११६ मीटर खोल गेली. पाणी लागलं नाही. तळापर्यंत गोठलेली मातीच. पुढे अलेक्झांडर मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं, आणि वर्षानुवर्षं गोठून राहणाऱ्या या जमिनीचा, पर्माफ्रॉस्टचा, शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. आज आपल्याला ठाऊक आहे की उत्तर याकुतियात काही ठिकाणी ही गोठण सुमारे १,५०० मीटर खोल जाते. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर आहे; जवळपास तेवढंच खाली उतरावं तेव्हा न गोठलेला खडक लागेल. हिमयुगात युरोपावर बर्फाचे जाड थर पांघरुणासारखे पसरले होते. इथली बरीचशी जमीन मात्र उघडी राहिली आणि हजारो वर्षं थंडी आत मुरत गेली.

याच गोठणीवर इथलं जगणं उभं आहे. याकुत्स्कला वर्षभरात पडणारं पाणी जेमतेम २४० मिलिमीटर. आपल्या माण, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांतही याहून जास्त पाऊस पडतो. तरीही इथे लार्च वृक्षांची अफाट जंगलं आहेत. उन्हाळ्यात वरची एक-दोन मीटर माती सैल होते, खालचा गोठलेला थर पाणी मुरू देत नाही आणि ते मुळांपाशीच राहतं. थरातला बर्फ वितळून खचलेल्या खोलगट कुरणांत साखा लोक गाई आणि घोडे पाळतात. ते घोडे कडक हिवाळ्यातही उघड्यावर राहतात आणि खुरांनी बर्फ उकरून गवत खातात. गावकरी तळ्यांवरचा बर्फ कापून त्याच्या लाद्या पिण्याच्या पाण्यासाठी साठवतात.

याकुत्स्कच्या इमारती जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर आहेत. खाली मोकळी जागा सोडलेली असते, म्हणजे घराची ऊब मातीला लागत नाही आणि हिवाळी वारा तिला गोठवत राहतो. गरम पाण्याचे नळही त्याच कारणाने जमिनीवरून नेलेले दिसतात. शहराजवळून वाहणारी लेना नदी गोदावरीच्या जवळपास तिप्पट लांब. शहरापाशी तिच्यावर पूल नसल्यामुळे उन्हाळ्यात फेरीबोटी आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून मालाने भरलेले ट्रक जातात. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या हिऱ्यांचा साधारण पाव हिस्सा याच प्रांतातून येतो. १९५५मध्ये सापडलेल्या ‘मीर’ खाणीचा खड्डा ५२५ मीटर खोल आणि सुमारे १,२०० मीटर रुंद आहे.

या जमिनीने किती काळ काय जपलंय, तेही पाहावं. कोलिमा नदीकाठी खारींनी बिळात साठवलेली, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीची फळं गोठलेल्या मातीत सापडली. त्यांच्या पेशींपासून रशियन शास्त्रज्ञांनी रोपं वाढवली, ती फुलली, त्यांना बीज धरलं. २०१२मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. उत्तर गोलार्धातल्या अशा साऱ्या जमिनींत मिळून अंदाजे दीड लाख कोटी टन कार्बन अडकून आहे, म्हणजे आज वातावरणात असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. गोठण सुटली की जिवाणू कामाला लागतात, आणि तो कार्बन डायऑक्साइड व मिथेन होऊन हवेत येऊ लागतो. याकुतियातल्याच बातागाई गावाजवळ जंगल तोडल्यावर उघडी पडलेली जमीन वितळत गेली. आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीची दरी आहे आणि ती वाढतेच आहे.

इतक्या प्रचंड आकड्यांत सर्वांत महत्त्वाचा आकडा अगदी लहान आहे. उणे साठची हवा सोसणाऱ्या या मुलखात शेरगिनच्या विहिरीच्या तळाशी मिडेनडॉर्फला तापमान मिळालं ते फक्त उणे ३ अंशांच्या आसपास. पृथ्वीच्या पोटातली उष्णता खालून वर येत असते, म्हणून खोल गेलं की गोठण शून्याच्या जवळ येते. वरची गोठलेली मातीही हिवाळी हवेइतकी थंड नसते, आणि तापमान शून्याकडे सरकू लागलं की वितळण्याआधीच तिची ताकद कमी होऊ लागते. हवामानबदलाच्या चर्चेत दोन-तीन अंशांची वाढ आपल्याला क्षुल्लक वाटते. याकुतियाच्या बऱ्याच भागांत मात्र घरं, रस्ते, जंगलं आणि हजारो वर्षांचा साठलेला कार्बन यांना जागेवर धरून ठेवणारं अंतर जवळपास तेवढंच आहे.