भूमिगत इंधन-टाक्या आणि ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ

पेट्रोलची जुनी टाकी जमिनीतून काढली, खड्डा बुजविला आणि वर फरसबंदी केली की ती जागा निर्मळ झाली, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः टाकी निघाल्यावर उघडा पडणारा खड्डा हाच तेथील गळतीचा मुख्य साक्षीदार होय, आणि त्याची साक्ष फार थोडा वेळ उपलब्ध असते. ती कशी घ्यावी याची पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्ताराने बांधली गेली. तेथील जुन्या टाक्या बहुधा साध्या पोलादाच्या असत व ओलसर मातीत गंजून त्यांना छिद्रे पडत. १९८४ मध्ये तेथील काँग्रेसने १९७६ च्या कचराविषयक कायद्यात दुरुस्ती करून या टाक्या त्याच्या कक्षेत आणल्या. १९८८ मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचे नियम निघाले, आणि जुन्या टाक्या सुधारण्यास, बदलण्यास अथवा बंद करण्यास डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत देण्यात आली. त्यानंतर दहा लाखांहून अधिक टाक्या बंद झाल्या.

टाकी कायमची बंद करताना गळतीचा शोध, ती आढळण्याचा संभव जेथे सर्वाधिक असेल तेथे घ्यावा, असा या नियमांचा आशय आहे. म्हणजे संख्याशास्त्रातला यादृच्छिक नमुना येथे अभिप्रेत नाही. येथे नमुना हेतुपुरस्सर पक्षपाती असावा लागतो. टाकीभोवती वाळूचा किंवा बारीक खडीचा भराव असतो. इंधन त्यातून झरझर खाली उतरते आणि खालच्या मूळ मातीत मुरते. यास्तव भरावाची वाळू तपासून काही साधत नाही. तिच्याखालची, कुदळीने न ढवळलेली माती घ्यावी लागते. टाकीच्या दोन्ही टोकांखाली, इंधन ओतण्याच्या नळाखाली (प्रत्येक भरण्याच्या वेळी थोडे सांडतेच), पंपाच्या बैठकीखाली आणि नळांच्या सांध्यांशी, अशा जागा ठरलेल्या असतात. सांध्यांची उपेक्षा करू नये. धड निघालेल्या टाकीच्या नळांतून वर्षानुवर्षे इंधन झिरपलेले असू शकते.

जागा अचूक निवडूनही नमुना फसवू शकतो. पेट्रोलातील ज्या घटकाची धास्ती अधिक, ते बेंझीन उडून जाणारे आहे. माती जितकी हाताळावी, उन्हात ठेवावी, किंवा चार ठिकाणची एकत्र कालवावी, तितके ते हवेत जाते. इतर बहुतेक मोजमापांतील चुका कधी अधिकाकडे, कधी उण्याकडे झुकतात. ही चूक मात्र सदैव उण्याकडे, म्हणजे जागेच्या मालकाला सोयीच्या दिशेनेच होते. म्हणून ताज्या खरवडलेल्या पृष्ठभागातून लहान नळीने माती घेऊन ती तत्काळ बंद करतात किंवा मिथिल अल्कोहोलात बुडवितात, आणि बर्फात सुमारे ४ अंश सेल्सिअसवर प्रयोगशाळेकडे धाडतात. प्रत्येक बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती केव्हा गेली याची लेखी नोंद सोबत असते. खड्ड्याशी वापरले जाणारे बाष्पमापक यंत्र कोठे खणावे हे सुचविते. कोणते द्रव्य किती आहे, हे ते सांगत नाही.

भूजलाचा प्रश्न निराळा आहे. खड्ड्यात साचलेले पाणी ढवळलेले असते, त्यामुळे ते भूजलाचे प्रतिनिधी मानता येत नाही; स्वतंत्र निरीक्षण-विहिरी घ्याव्या लागतात. प्रवाहाची दिशा कळण्यास त्या किमान ३, आणि एका रेषेत नसलेल्या, हव्यात. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने तरंगते. म्हणून विहिरीच्या नळीचा चिरा पाडलेला भाग भूजलपातळीच्या खाली व वर दोन्हीकडे पोचला पाहिजे, नाहीतर तरंगता थर नळीत शिरतच नाही. पाण्याची कुपी हवेचा बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतात. महाराष्ट्राच्या बेसॉल्ट खडकात ३ विहिरींचा हा हिशेब जपूनच वापरावा लागेल. मुरमाच्या थराखाली पाणी भेगा-सांध्यांतून वाहते, आणि शेजारशेजारच्या दोन विहिरींचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही.

या परीक्षणात काय पणास लागते हे कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराने अनुभवले. इंधनात मिसळले जाणारे मिथिल टर्शरी ब्यूटिल ईथर शहराच्या विहिरींत उतरले आणि १९९६ मध्ये त्या बंद कराव्या लागल्या. पिण्याच्या पाण्याचा सुमारे निम्मा पुरवठा त्यामुळे गेला. बेंझीनला मातीतील जीवाणू पुष्कळ अंशी खाऊन टाकतात. हे ईथर मात्र पाण्यात सहज विरघळते, जीवाणूंना सहजी दाद देत नाही, आणि पाण्याबरोबर दूरवर जाते. केवळ बेंझीन शोधणाऱ्या परीक्षणात ते दिसणारही नाही.

अखेर हे सारे प्रयोगशाळेच्या एका कागदावर येते, आणि तेथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. कोष्टकात ‘आढळले नाही’ असे शब्द असतात. वाचणारा ते ‘नाही’ असे वाचतो. मराठीत या दोन विधानांतील भेद स्पष्ट आहे: ‘नाही’ हे वस्तूविषयीचे विधान, तर ‘आढळले नाही’ हे शोधणाऱ्याच्या दृष्टीविषयीचे. या दृष्टीची मर्यादा कोष्टकाच्या शेजारच्या रकान्यात एका आकड्याने दिलेली असते, आणि तो सर्व नमुन्यांत सारखा नसतो. समजा, एरवी प्रतिलिटर ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंतचे बेंझीन नोंदता येते. एखाद्या नमुन्यात इतर हायड्रोकार्बन इतके दाट असतात की यंत्रात घालण्यापूर्वी तो १०० पट पातळ करावा लागतो. मग ही मर्यादाही १०० पट वाढून ५० वर जाते. अमेरिकेतील पिण्याच्या पाण्याची बेंझीनविषयक मर्यादा प्रतिलिटर ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे तिच्या ८ पट बेंझीन असलेले पाणीही ‘आढळले नाही’ या रकान्यात जाऊन बसेल. आणि सर्वांत मळलेले नमुनेच पातळ करावे लागत असल्याने, ही निर्दोष दिसणारी नोंद नेमकी त्यांच्याच वाट्याला येण्याचा संभव अधिक. जाणता परीक्षक अशा ठिकाणी शब्द न वाचता ‘५० हून कमी’ असे वाचतो, आणि तो नमुना कमी पातळ करून पुन्हा तपासण्यास सांगतो.