कल्पनेतील यानाचा वरचा मजला

वास्तूचा आराखडा म्हणजे केवळ भिंती, दारे आणि जिने यांचा हिशेब नव्हे. त्या वास्तूत वावरणाऱ्या माणसांचे परस्परसंबंध कसे असावेत, याविषयीचे एक मत त्यात अबोलपणे नोंदलेले असते. वाड्यातील माजघर, कचेरीतील साहेबांची स्वतंत्र खोली, वर्गातील गुरुजींचा उंच चौथरा यांपैकी काहीच आपोआप निर्माण झालेले नाही. जी वास्तू कधी बांधली जाणारच नाही, तिलाही हा नियम लागू पडतो, किंबहुना अधिकच. कारण तेथे अपुऱ्या जागेची किंवा जुन्या पायाची सबब सांगता येत नाही. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘एंटरप्राईज’ या काल्पनिक अंतराळयानाचा वरचा मजला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९ मध्ये बंद पडली. यानाचे आरेखन मॅट जेफरीज यांचे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेला आणि स्वतः वैमानिक असलेला हा कलावंत. यान अग्निबाणासारखे दिसता कामा नये, त्याला पंख नकोत, धुराचे लोट नकोत, अशा निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या अटी होत्या. जेफरीज यांनी त्यात स्वतःच्या अनुभवाची भर घातली : यंत्रे दुरुस्त करावयाची तर ती आतूनच हाताशी यावीत, म्हणून बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत असावा. ४३० माणसांच्या या यानाच्या बशीसारख्या भागावर, अगदी माथ्याशी, एका घुमटाखाली नियंत्रणकक्ष ठेवण्यात आला.

हा कक्ष वर्तुळाकार आहे. मधल्या सखल भागात कप्तानाची फिरती खुर्ची. तिच्या पुढे सुकाणू आणि मार्गनिश्चिती सांभाळणारे दोघे. त्यांच्यासमोर मोठा पडदा. भोवती एका पायरीने उंच असलेल्या कड्यावर शास्त्रज्ञ, संदेशवाहक, अभियंता यांच्या जागा. कोणालाही कप्तानापर्यंत शब्द पोहोचवण्यासाठी चिठ्ठी पाठवावी लागत नाही, दारावर ताटकळावे लागत नाही. अर्थात ही निखळ समता नव्हे. कड्यावरील अधिकारी आपापल्या यंत्रांकडे तोंड करून, म्हणजे कप्तानाकडे पाठ करून बसतात. तो सर्वांना पाहू शकतो. त्यांना मात्र मुद्दाम वळावे लागते. अधिकार येथेही आहे. पण तो भिंतीआड नाही, एवढाच फरक. आणि तो फरक लहान नव्हे.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर या मजल्यात दोष पुष्कळ सापडतील. युद्धनौकांवर लढाईचे सूत्रचालन जहाजाच्या पोटात, सुरक्षित जागी नेण्याचा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला होता. येथे तर यानाचा मेंदूच छपरावर ठेवलेला. खुर्च्यांना पट्टे नाहीत, त्यामुळे प्रत्येक हल्ल्यात माणसे इतस्ततः फेकली जातात. लिफ्टचे दार एकच. ते अडकले तर सारे कोंडले जाणार. १९७९ च्या चित्रपटात दुसरी लिफ्ट आली, यावरून या आक्षेपात तथ्य होते हे उघड आहे.

परंतु सर्वांत मनोरंजक कोडे उभे राहिले ते बाहेरचे रूप आणि आतले दालन एकमेकांशी ताडून पाहिल्यावर. यानाच्या प्रतिकृतीवर घुमटाच्या बरोबर मागे, मध्यरेषेवर, लिफ्टचा असावा असा एक उंचवटा होता. चित्रीकरणाच्या दालनात मात्र लिफ्टचे दार कप्तानाच्या मागे, एका बाजूला. सॅन दिएगो येथे विमानउद्योगात आरेखक म्हणून दीर्घकाळ काम केलेले फ्रान्झ जोसेफ श्नाउबेल्ट यांनी १९७५ मध्ये या यानाचे बारा मोठे नकाशे प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना या विसंगतीला सामोरे जावे लागले. त्यांनी दोन्हींपैकी काहीच खोटे ठरवले नाही. संपूर्ण नियंत्रणकक्षच सुमारे ३६ अंशांनी फिरवला! परिणामी कप्तानाचे तोंड यानाच्या दिशेपासून तिरपे झाले. काही चाहत्यांना ते रुचले नाही. तथापि समोरचा पडदा ही काही खिडकी नव्हे. त्यावर हव्या त्या दिशेचे चित्र उमटू शकते. कल्पनेला आकाश मोकळे असले, तरी एकदा मांडलेल्या गोष्टीशी इमान राखावे लागते, हे त्या ३६ अंशांत दिसते.

तरीही या मजल्याचे खरे महत्त्व लिफ्टमध्ये नाही. कोणत्या खुर्चीवर कोण बसले, यात आहे. अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा पेटलेला असताना संदेशवहनाच्या जागी निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकारी म्हणून बसली होती. सुकाणूवर आशियाई वंशाचा अधिकारी होता. १९६७ पासून, शीतयुद्ध ऐन भरात असताना, त्याच्या शेजारी रशियन तरुण आला. निकोल्स मालिका सोडण्याच्या विचारात होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना तसे न करण्याचा आग्रह केला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. १९७७ मध्ये त्यांनी ‘नासा’च्या वतीने स्त्रियांना आणि अल्पसंख्य समाजांतील तरुणांना अंतराळवीर होण्यासाठी पुढे या, असे आवाहन केले. १९७८ मध्ये निवडलेल्या पस्तीस जणांत सहा स्त्रिया आणि तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. याचे सारे श्रेय एका मालिकेला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण लाकडी फळ्यांच्या त्या दालनातील एक खुर्ची पुष्कळांना आपली वाटली, हे नाकारता येणार नाही.

आपल्या शाळांत चित्रकलेचा तास आणि विज्ञानाचा तास एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. एखादा विद्यार्थी वहीच्या मागल्या पानावर यानाचा नकाशा काढताना सापडला, तर तो वेळ वाया घालवतो आहे असेच बहुधा समजले जाते. त्याऐवजी त्याला दोन प्रश्न विचारले जावेत. तुझ्या यानाची आतली आणि बाहेरची मापे जुळतात का? आणि तुझ्या वरच्या मजल्यावर कोणाकोणाला जागा आहे? पहिल्या प्रश्नातून अभियंता घडेल; दुसऱ्यातून नागरिक.